मिरची, आप्पांचे पाय आणि माझी अर्धवट पोस्ट



आधी शेतातलं. मिरचीचा चौथा तोडा काल उरकला. खालच्या वाफ्यात चुरडा-मुरडा दिसतोय, पण यंदा उशिरा आला म्हणून झाड सावरलं. ओली लाल मिरची नंदुरबारला गेली, थोडी घरच्यासाठी अंगणात वाळत टाकली आहे. रात्री थंडी चांगली पडते. हरभऱ्याला ती मानवेल.

आता मूळ विषय. हे लिहायचं मी जवळजवळ वर्षभर टाळत आलोय. परवा एका वाचकाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊ, हे खरं आहे का?" उघडून बघतो तर माझीच गेल्या हंगामातली पोस्ट. माझं नाव काढलेलं, आणि शेवटी कोणीतरी एक ओळ जोडलेली: लाल मिरची तेलात उकळून रोज रात्री तळपायाला लावा, मुळापासून फरक पडेल.

ती ओळ माझी नाही. पण तिला जागा मीच करून दिली होती. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. शेवटपर्यंत वाचा.

जुनी पोस्ट काही जणांना आठवत असेल. तोडणीला येणाऱ्या बायांच्या हातांवरून सुरू झाली होती. दिवसभर मिरची तोडायची, घरी जाऊन देठ खुडायचे, मग रात्री हातांची आग आग. पाण्याने धुऊन काही होत नाही, कारण झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. बाया आधी हाताला गोडेतेल चोळतात, मग साबण लावतात, ते बरोबरच आहे. त्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. ते मिरचीच्या बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. ढोबळी मिरचीत ते नसतंच, म्हणून ती झोंबत नाही.

पुढे मी लिहिलं होतं, की हेच द्रव्य नसांच्या दुखण्यावर औषध म्हणून वापरतात. हे खरं आहे, आजही तसंच म्हणेन. १९९७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या गटाने कॅप्सेसिनचाच माग काढत नसांच्या टोकांवरचं एक प्रथिन शोधलं. त्वचेतल्या दुखणं सांगणाऱ्या नसांवर ते दरवाजासारखं बसलेलं असतं. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की तो दरवाजा उघडतो आणि मेंदूला निरोप जातो, भाजलं. कॅप्सेसिन तोच दरवाजा उघडतं. म्हणजे मिरचीने काहीही भाजलेलं नसताना मेंदूला भाजल्याचा निरोप मिळतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्देम पातापूतियान यांच्यासोबत. आपल्याकडे बाया "हातांची आग होते" म्हणतात, ती नुसती बोलायची पद्धत नाही. नस खरोखर तेच सांगत असते.

आपल्या शेतात पोपट पिकलेल्या मिरच्या फोडून खातात, तेही त्या पोस्टमध्ये होतं. पक्ष्यांच्या अंगातला हा दरवाजा कॅप्सेसिनला उघडत नाही, म्हणून त्यांना झोंबत नाही. त्यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडतं आणि लांब जाऊन रुजतं. दात असलेली जनावरं बी चावून टाकतात. त्यांना दूर ठेवायला झाडाला हा तिखटपणा कामी येतो. म्हणजे मिरचीने हे आपल्यासाठी औषध म्हणून बनवलेलं नाही, स्वतःची राखण म्हणून बनवलंय.

इथवर ठीक होतं. मग मी शेवट केला तो असा: "नसांच्या दुखण्याचं औषध आपल्याच बांधावर उभं आहे." लोकांना हेच वाक्य आवडलं. शेकडोंनी पुढे पाठवलं. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, वय अडुसष्ट. साखरेचा आजार चौदा वर्षांचा. तीनेक वर्षांपासून त्यांना रात्री तळपायाची आग व्हायची, मुंग्या यायच्या, चादरीचा स्पर्शसुद्धा सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याची गोळी दिली होती. त्या गोळीने दिवसा गुंगी येते, बांधावरून चालताना तोल जातो, म्हणून आप्पांनी ती मनानेच बंद केली. आम्हाला सांगितलंही नाही.

माझी पोस्ट त्यांना माझ्या पुतणीनेच वाचून दाखवली. घरातल्या पोराने लिहिलंय, शिवाय नोबेल मिळालेल्या माणसाचं नाव आहे, मग शंका कशाला घ्यायची? आप्पांनी आमच्याच शेतातल्या मूठभर लाल मिरच्या कुटल्या, लोखंडी कढईत तेल तापवलं, त्यात टाकल्या, गाळून बाटली भरली. रात्री कोमट तेल तळपायाला चोळलं, वर मोजे घातले आणि झोपले.

सकाळी काकूने मोजा ओढला तर तो कातडीला चिकटलेला. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दोन मोठे फोड, एक फुटलेला.

मी धावत गेलो. आप्पा खाटेवर शांत बसलेले. मी म्हटलं, आप्पा, एवढी आग होत असताना तुम्ही थांबलात का नाही? तर आप्पा म्हणाले, "झोंबनीच नही ना भो. झोंबनी नही म्हनीसन आखो लाई."

झोंबली नाही म्हणून परत लावली. हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. मिरचीवाल्याच्या घरातला माणूस. आयुष्य मिरचीत गेलं. मिरचीचं तेल तळपायाला लागलं आणि पायाला कळलंच नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि मग नायलॉनचा एक बारीक धागा आप्पांच्या तळपायाला दहा ठिकाणी टेकवला. आप्पांना डोळे मिटून सांगायचं होतं, कुठे कळतंय. तीन ठिकाणी हो म्हणाले. मी विचारलं, फोड मिरचीने आला की गरम तेलाने? डॉक्टर म्हणाले, "आता सांगता यायचं नाही. दोन्हीने असेल. तुमच्या-माझ्या पायाला चटका बसला असता तर आपण पाय मागे घेतला असता. यांच्या पायाने घेतला नाही. आजार तो आहे."

मी म्हटलं, पण पायाची आग होते म्हणतात, मग बधिर कसा? ते म्हणाले, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. खराब झालेली नस बाहेरचं कळवत नाही, पण आतल्या आत खोटे निरोप पाठवत राहते.

जखम भरायला अकरा आठवडे लागले. साखरेच्या माणसाची पायाची जखम म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. एक आठवडा असा होता की अंगठा जातो की राहतो अशी वेळ होती. राहिला. आप्पांचा उन्हाळा खाटेवर गेला. काकू मला एक शब्दही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

आता जे मी तेव्हा लिहायला हवं होतं ते लिहितो.

पहिलं. कॅप्सेसिन नस दुरुस्त करत नाही. दुखणं गप्प करतं. भरपूर मात्रा त्वचेवर थोडा वेळ ठेवली की दुखणं सांगणारी नसांची टोकं आधी जोरात ओरडतात, मग थकून गप्प होतात आणि मागे सरतात. शेंडा खुडल्यावर झाड मरत नाही, तसंच. काही महिन्यांनी टोकं परत फुटतात. मिरचीने दुखण्याची जाणीव बोथट होते, हे हंगेरीच्या मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकातच पाहिलं होतं. तेही मिरची पिकवणाऱ्यांचाच देश. त्यावरून पुढे औषध झालं. पण साखरेने नसांचं जे नुकसान होतं ते याने भरून येत नाही. साखर वाढलेली राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होत जातात, आणि सर्वांत लांब नसांची टोकं आधी जातात. ठिबकच्या नळीसारखं समजा. दाब कमी झाला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. आपल्या शरीरात शेवटचं झाड म्हणजे पाय. कॅप्सेसिन फार तर तिथला भोंगा बंद करतं. मोटर आणि पाइप आहेत तसेच राहतात.

दुसरं, मात्रा. नसांच्या दुखण्यासाठी ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी असते. अमेरिकेत तिला २००९ मध्ये नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनांसाठी आणि २०२० मध्ये साखरेमुळे होणाऱ्या पायाच्या वेदनांसाठी मान्यता मिळाली. ती दवाखान्यात, हातमोजे घातलेल्या जाणत्या माणसाने, न फुटलेल्या कातडीवर लावायची. पायाला अर्धा तास, मग काढून साफ करायची. तीन महिन्यांच्या आत परत लावायची नाही. साधी मलमं असतात ती ०.०२५ किंवा ०.०७५ टक्क्यांची. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावली तर फरक. म्हणजे पट्टी आणि मलम यांत शंभरपट आणि त्याहून जास्त अंतर. आप्पांच्या बाटलीत किती होतं? कोणालाच माहीत नाही. एकाच झाडाच्या दोन मिरच्या सारख्या तिखट नसतात, हे तुम्हा-आम्हाला कोणी सांगायला हवं का? फवारणी करताना आपण पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली ते तीनदा विचारतो. स्वतःच्या पायाला लावताना मूठभर.

तिसरं, गंमत म्हणा किंवा चपराक. त्या पट्टीतलं कॅप्सेसिन शेतातून येत नाही. ते प्रयोगशाळेत बनवतात, रचना मिरचीतल्यासारखीच. मला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं की औषधवाल्यांना मिरची देता येईल का, भाव बरा मिळेल का. एका मोठ्या पट्टीत १७९ मिलिग्रॅम कॅप्सेसिन असतं, म्हणजे एक ग्रॅमचा पाचवा हिस्साही नाही. आपला भाव बाजार समितीतच ठरणार.

आता काही जण म्हणतील, झाडपाल्याने नुकसान होत नाही, आप्पांनी तेल गरम लावलं ही चूक. त्यांच्यासाठी अंगणातली सदाफुली. आपल्याकडे साखरेसाठी तिची पानं चावणारे प्रत्येक गावात आहेत. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हीच पानं साखरेसाठीच तपासली. उंदरांना अर्क टोचला तर साखरेवर काही खास दिसलं नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून कॅन्सरचं औषध निघालं. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही वापरतात. कितीतरी पोरं त्याने वाचली. आणि त्या औषधाचा सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम कोणता? नसांचं नुकसान. हातापायांना मुंग्या, बधिरपणा. म्हणून डॉक्टर त्याची मात्रा मोजून देतात. साखरेने नसा आधीच खराब झालेला माणूस सकाळी उठून सदाफुलीची पानं चावतो, तेव्हा त्याला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

झाड आपलं, म्हणून ते आपल्या बाजूचं, असं नसतं.

हळदीचं पण विचारतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर खूप अभ्यास झालाय. उंदरांच्या नसांवर चांगले परिणाम दिसलेत. पण माणसाच्या आतड्यातून ते रक्तात फार थोडं जातं, आणि जातं तेही लवकर बाहेर पडतं. माणसांवरचे प्रयोग लहान लहान आहेत. मिरीसोबत घेतलं तर जास्त शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र घालतात. पण अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. भाजीत, दुधात हळद घ्या, खुशाल घ्या. तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

हे सगळं वाचून कोणी झाडांवरच राग धरू नये. साखरेसाठी आप्पा घेतात ती मेटफॉर्मिन गोळीसुद्धा एका झाडाची वाट धरूनच आली आहे. युरोपातलं गॅलेगा नावाचं शेंगवर्गीय झाड. झाडातलं मूळ द्रव्य जसंच्या तसं विषारी होतं. त्यावरून रसायन बदलत बदलत, माणसांवर तपासत गोळी झाली. आप्पांनी कढईत जी वाट एका रात्रीत उरकली, तिला तिथे कित्येक वर्षं लागली.

या मेटफॉर्मिनवरून एक कामाची गोष्ट. ती गोळी बरीच वर्षं घेतली की काहींच्या अंगात बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की त्यानेही हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. शाकाहारी माणसाला आधीच ते कमी मिळतं. आप्पा माळकरी. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर बी-१२ निम्म्याहून खाली. इंजेक्शनं सुरू झाली. त्याने सगळं परत आलं असं नाही, पण मुंग्या कमी झाल्या. चौदा वर्षांत हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. मिरची कुटायला मात्र सुचलं.

म्हणून ज्यांच्या घरात कोणाच्या पायाची आग होते, मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, त्यांनी आधी दवाखान्यात जा. साखर तपासा, बी-१२ तपासा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोग असू शकतो, त्याचं औषध तिथे फुकट मिळतं, आणि लवकर घेतलं तर नसा वाचतात. फवारणी करणाऱ्यांनी कोणती औषधं मारता ते डॉक्टरांना सांगा, काही कीटकनाशकांनीही नसांना त्रास होतो. गोळीने गुंगी येते तर बंद करू नका, सांगा. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. आणि साखरेच्या माणसाचे तळपाय रोज रात्री बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघावेत. गरम पाणी आधी कोपराने बघायचं. अनवाणी शेतात जायचं नाही. मिरचीचं तेल, गरम वीट, शेक, काही नाही.

तोडणीच्या बायांसाठी यंदा रबरी हातमोजे आणले. निम्म्या बाया घालतात, निम्म्या म्हणतात हात चालत नाही. बोलून बघतोय.

जुनी पोस्ट मी काढून टाकली आहे. पण ती आता माझ्याकडे राहिलेलीच नाही, हे परवा कळलं. कोणत्या गावात कोणती काकू कढई ठेवून बसली असेल, मला माहीत नाही. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला तर खाली ही पोस्ट टाका. माझं नाव राहू द्या.

आप्पा आता काठी घेऊन शेतात येतात. पायात बंद बूट. रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघतो. सुरुवातीला त्यांना संकोच वाटायचा, पुतण्याच्या मांडीवर पाय कसे ठेवायचे म्हणून. आता आपणहून पुढे करतात. काल तोडा संपल्यावर त्यांनी ढिगातली एक लाल मिरची उचलली, मोडली, जिभेला लावली आणि लगेच थुंकली. डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुनी मिरची तेज शे भो. जिभले समजनी."

जिभेला कळली म्हणाले. काकू पलीकडे देठ खुडत होती. ती हसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला म्हणाली, चहा टाकते, थांब.

पुढचा तोडा आठवड्याने. पाऊस नको एवढंच. राम राम.